देसाईचा टीव्ही मागे आहे

टीव्हीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या सिडनीत कुणाला कळत नसेल. गिरगावात उभी हयात टीव्ही दुरुस्त करण्यात गेली, निम्म्या चाळींच्या गच्चीवर माझ्या हातच्या अँटेना होत्या. आता, खरं सांगायचं तर कळतं ते मागच्या बाजूचं. पुढच्या बाजूला इथे इंग्रजी चालू असतं आणि माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे पुढचं मला सूनबाई सांगेल तेवढंच.

तरी लॉकडाऊनमध्ये त्या पुढच्या बाजूपायीच इतके किस्से साठले, की फ्रीजमधून एक डबा काढायला जावं आणि मागचे चार अंगावर यावेत तसं झालंय. म्हणून म्हटलं, काढूनच ठेवू.

आम्ही तिघं. मी पेंडल हिलला मुलाकडे. मंदाताई आमच्याच गल्लीत, घरगुती डबे देतात. आणि देसाई, पुण्याचा रिटायर्ड इंजिनिअर, कॅसल हिलला नव्या घरात एकटा. एरवी स्टेशनजवळच्या बाकावर भेटायचो. बाक बंद झाल्यावर आम्ही सकाळी अकराला आपापल्या घरी सरकारी चॅनेल लावायचो, फोन स्पीकरवर ठेवायचो आणि कोरोनाचा आकडा किती, काय बंद, काय चालू, ते एकत्र बघायचो. म्हणजे बाकच, फक्त मध्ये दहा किलोमीटर.

*

पहिल्या दिवशी मी ठरवलं, जाहिरात लागली की बाथरूमला जाऊन येऊ. इथली मुख्यमंत्री बाई बोलली, मग डॉक्टरीण बोलली, मग पोलीस बोलला, मग पत्रकारांचे प्रश्न. जाहिरातीचा पत्ता नाही. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

शेवटी फोनवर विचारलं, "मंदाताई, हे मध्ये साबण कधी विकतात?"

"सरकारी चॅनेल आहे बापू, विकत नाहीत."

मी थक्क. काहीही न विकता माणसं एवढा वेळ टीव्हीवर उभी राहतात, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

देसाई म्हणाला, "कोण म्हणतं विकत नाहीत? पैसे माझ्या टॅक्समधून आधीच घेतलेत. तू निवांत जाऊन ये."

*

देसाईचं हे रोजचंच. त्याने कुठेतरी बातम्या वाचणाऱ्यांचे पगार वाचले होते. तेव्हापासून संध्याकाळी सातच्या बातम्या देणारा तो पिकल्या केसांचा, टाय लावणारा माणूस त्याच्या डोक्यात बसला.

"समोर लिहिलेलं असतं, ते वाचायचं. त्याला एवढा पगार? मी पूल बांधले, बापू."

"तुझे पूल रोज सात वाजता घरी येत होते का?"

मला लहानपणचं रेडिओचं लायसन आठवत होतं, पोस्टात जाऊन भरायचं. इथे तसं काही नाही, परस्पर टॅक्समधूनच जातं. पण देसाईची खोड काढायला मला लायसन पुरलं. मंदाताईंचं इंग्रजी झकास. त्यांना फितवलं. त्यांनी अनोळखी नंबरवरून देसाईला फोन लावला आणि टीव्ही लायसनची इन्स्पेक्टर म्हणून दरडावलं. मी बाजूच्या लाइनवर, तोंडात रुमाल.

देसाई घाबरेल असं वाटलं होतं. त्याने उलट इन्स्पेक्टरलाच धरलं. पगार, बोनस, गाडी, एकेकाचा हिशेब मागितला. बाईंना "येस सर" म्हणायलाही जागा मिळेना. मग एकदम थांबला आणि मराठीत म्हणाला, "बरं मंदाताई, चौथी शिट्टी झाली. डाळीचा गॅस बंद करा."

*

हातांनी बोलणारा तो माणूस आठवतो? बोलणाऱ्याच्या शेजारी उभा राहून, ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणा करायचा. मी त्याच्या प्रेमातच पडलो. एक दिवस गंमत म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला, कारण आवाजाचा मला तसाही उपयोग नव्हता. नुसते त्याचे हात बघत बसलो, हात आणि चेहरा.

सूनबाई घरून काम करत होती. तिला जाऊन सांगितलं, "लग्नं बंद. मयताला थोडीच माणसं. आणि आपल्या भागाला बाकीच्यांपेक्षा जास्त बांधलंय."

तिने फोनवर बघितलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिन्ही बरोबर होतं. एवढी वर्षं या देशात राहून पहिल्यांदा मला कुणी न सांगता बातमी कळली होती. तीसुद्धा एक शब्द न ऐकता! त्या रात्री जेवताना मी गप्प होतो, हेच घरात सगळ्यांना बातमीसारखं वाटलं.

देसाईला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तुझ्यासाठी सरकारने पगारी मास्तर ठेवलाय. माझ्या पैशांनी."

*

आता माझा खास उद्योग. आमच्या घराच्या छपरावर जुनी अँटेना आहे. देसाईच्या नव्या घरात अँटेनाच नाही, मुलाने टीव्ही इंटरनेटवर लावून दिलाय. इंटरनेटवरचं चित्र मागून येतं, जेमतेम अर्धा मिनिट. म्हणजे जे मला आत्ता दिसतं, ते देसाईला जरा वेळाने.

हे ध्यानात आल्यावर मी ज्योतिषी झालो.

"देसाई, आज आकडा वाढणार." वाढला. "आता लाल स्कार्फवाली पत्रकार प्रश्न विचारणार." विचारला. "आता तो पोलीस खोकणार बघ."

देसाईच्या घरात पोलीस खोकला.

"बाप्या, तुझी आत ओळख आहे का रे?"

"चॅनेलच्या साहेबाच्या बंगल्यावर अँटेना लावली होती," मी ठोकून दिलं. मंदाताईंना हसू आवरेना, त्यांनी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

*

देसाईची बायको, शालिनीवहिनी, केलीव्हिलला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होत्या. विसरण्याचा आजार. लॉकडाऊनच्या आधी देसाई रोज जायचा, त्या त्याला कधी भाऊ समजायच्या, कधी प्लंबर. मग भेटायला जाणं बंद झालं आणि देसाईला एकच धास्ती बसली, की दार उघडेल तेव्हा आपण तिच्या डोक्यातून पूर्ण पुसलेले असू. लिन्सी नावाची केरळची नर्स रोज सातच्या आत व्हिडिओ कॉल लावून फोन वहिनींसमोर ठेवायची. तिकडे खोलीत टीव्ही, इकडे देसाईच्या घरी टीव्ही, चॅनेल तेच. दोघं एकत्र बातम्या बघतात, असं देसाई म्हणायचा. वहिनी बोलायच्या नाहीत.

एक दिवस सकाळी देसाईचा आवाज वेगळाच होता.

"काल ती बोलली. बातम्या सुरू व्हायच्या होत्या माझ्याकडे. ती हसली आणि म्हणाली, 'आलात? बसा, चहा टाकते.' नोकरीत असताना मी सातला घरी यायचो, तेव्हा असंच म्हणायची."

मंदाताईंनी नाक पुसल्याचं फोनवर ऐकू आलं. मला मात्र भलतंच आठवलं. वहिनींना तिथे ठेवलं तेव्हा त्यांच्या खोलीतला टीव्ही मीच जोडला होता. भिंतीतल्या अँटेनाच्या वायरीला. म्हणजे तिकडे सातला टाय लावलेला तो माणूस पडद्यावर येऊन "गुड इव्हनिंग" म्हणत होता, तेव्हा देसाईच्या घरी तो यायचाच होता. वहिनींचं 'आलात?' त्याला होतं.

देसाईने फोन ठेवल्यावर मी मंदाताईंना सगळं सांगितलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "जन्मात एकदा तोंड बंद ठेवा."

ठेवलं. वहिनी मग रोज म्हणू लागल्या. देसाईने पगाराचा विषय कायमचा सोडला. हातात कागद घेऊन, जगातल्या कुणालाही "आलात?" म्हणायला लावणारा हा कसला माणूस, असं मला त्या बातमीवाल्याकडे बघून वाटायचं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला नमस्कार काय करता?"

*

निर्बंध उठले तसे आम्ही बाकावर भेटलो, मास्क लावून, मध्ये एकेक माणसाची जागा सोडून. मला राहवेना. ज्योतिष तरी कबूल करून टाकू म्हटलं.

"देसाई, माझी आत कुणाशी ओळख नाही. माझ्याकडे अँटेना आहे, तुझा टीव्ही मागे आहे."

"माहीत आहे. पहिल्या आठवड्यातच कळलं. इंजिनिअर आहे मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू खूश होतास."

मी गडबडलो. गडबडलो की माझ्या तोंडून धंदाच निघतो. "चल, तुझ्या छपरावर मी अँटेना चढवून देतो. फुकट. सगळ्यांच्या बरोबरीने येईल."

मंदाताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मास्कमधूनही कळलं.

देसाई स्टेशनकडे बघत म्हणाला, "नको बापू. ती 'आलात?' म्हणते तेव्हा माझ्याकडे तो अजून आलेला नसतो. तेवढा वेळ मीच असतो."