हातमोजा काढून

माझ्या हातात मेमो होता आणि सोपानमामा पंपासमोर उभे होते. उजवा हातमोजा खिशात, तळवा पंपाच्या बेअरिंगवर, डोळे मिटलेले.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. प्लांटमध्ये हातमोजा काढायचा नाही, हा नियम. तो मोडणारे एकटे हे केडगावचे मामा, आमचे जुने पंप ऑपरेटर. शिफ्ट सुरू करताना पंपाला हात लावायचा आणि कपाळाला टेकवायचा. दोनदा समजावलं होतं.

"हातमोजा घालून करा की नमस्कार."

"पायताण घालून देवळात जाऊ व्हय, म्याडम?"

तिसऱ्यांदा मॅनेजर वैतागले. "आठ दिवस घरी बसवा. सही घेऊनच या." मामांच्या रिटायरमेंटला चार महिने उरलेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक डाग नाही, आणि तो लावायला मी निघाले होते.

"मामा, सही करा."

"करतो. पर आधी हिथं हात लावा. ह्येचं आंग तापलंय."

हा पंप रिअ‍ॅक्टरला थंड पाणी देतो. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं बंद भांडं. पाणी थांबलं तर ते फुटू शकतं. वर, रिअ‍ॅक्टरजवळ सहा जण काम करत होते. मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"प्रेशर एकदम नॉर्मल, मॅडम."

मामांनी परत बेअरिंगकडे बोट केलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हातमोजा काढला. चटकाच बसला.

स्टँडबाय पंप सुरू करून हा बंद केला. उघडला तर बेअरिंगचा चुरा. तासाभरात जाम झाला असता, असं मेंटेनन्सवाले म्हणाले. कंट्रोल रूमच्या पॅनेलवर पाण्याचं प्रेशर दिसतं, बेअरिंग दिसत नाही.

चहा पिताना विचारलं, "मामा, देवानं सांगितलं का?"

ते हसले. "द्येव कशाला बोलतोय? लेकराच्या कपाळाला हात लावला की ताप कळतो का न्हाई? ह्यो सहा जणांचा जीव राखतो, म्हंजी द्येवच की. मग रोज इचारपूस नको?"

माझे डोळे भरून आले. आम्ही देवाकडे मागायला जातो. हा माणूस रोज सकाळी देवाला बरं आहे ना, ते बघत होता.

"सही आणली?" मॅनेजरांनी विचारलं.

"सर, हातमोजा मीपण काढला. मेमो दोघांना द्या."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि विषय तिथेच संपला. मामा रिटायर झाले ते स्वच्छ फाइल घेऊन.

चेकलिस्टमध्ये आता पहिली ओळ माझी आहे: शिफ्टच्या सुरुवातीला हातमोजा काढून पंपाला हात लावून पाहणे. तोच हात कपाळाला लावावा, असं चेकलिस्टमध्ये लिहिता येत नाही. ते मी न लिहिताच करते.