हिरड्याच्या पाण्यात बुडवलेला फोटो

आमच्या घरचा माणूस कलाकार आहे. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो, आणि इतक्यांदा म्हणतो की आता कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. नाव चंद्रकुमार डोंगरवार. इटियाडोहाच्या कालव्यावरच्या आमच्या गावात लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे फोटो काढतो. एकदा नागपूरला कसल्याशा शिबिराला गेला, दाढी वाढवून परत आला, आणि तेव्हापासून मोबाइलवाल्यांकडे पाहून नाक मुरडायला लागला. "दुर्गेश्वरी, खरी फोटोग्राफी म्हणजे फिल्म. ब्लॅक अँड व्हाइट." मी म्हटलं, "बरं जी. उद्या धान कापाले कोण जाते?" कलाकाराला धान दिसत नाही. भात दिसतो, ताटात आल्यावर.

त्याचा बाप, म्हणजे माझे सासरे मनिराम, ते खरे फोटोवाले. अंधाऱ्या खोलीत दोन पुड्या पाण्यात कालवायचे, रील बुडवायचे, बाहेर येऊन बिडी ओढायचे. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात फोटो. अख्ख्या तालुक्याच्या बाया त्यांनी कॅमेऱ्यापुढे बसवल्या, पण स्वतःच्या बायकोला कधी म्हटलं नाही, शांते, तू पण बस. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री नाटक असतं. तशा एका मंडईला, पाहुणे जेवून उठल्यावर, बुढ्याला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सासूबाईंना विहिरीपाशी उभं केलं. "हसू नको," म्हणाले. आणि नेमक्या त्या हसल्या. फोटो निघाला. रील अजून संपायची होती म्हणून कॅमेऱ्यातच राहिली. तिच्या आधी सासरे संपले, आणि कॅमेरा टिनाच्या पेटीत गेला.

सासूबाईंचे दुसरे फोटो नाहीत असं नाही. आधार कार्डावर आहे, त्यात त्या पकडून आणलेल्या चोरासारख्या दिसतात. पण त्यांना तो विहिरीपाशीचा पाहायचा होता. "त्यायले मी कशी दिसून राहिली होती, ते एकडाव पाहाचं आहे मले," म्हणायच्या. लाजायच्या पण, ह्या वयात. त्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी काळा मोतिया, म्हणजे काचबिंदू, सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल तितकी टिकेल. डावा डोळा गेलेलाच होता.

आता तुम्हीच सांगा, लेकानं काय करावं? पेटी उघडावी, रील काढावी, धुवावी. पण धुतली तर कलाकार कसला! हा डेव्हलपर निवडायला बसला. डेव्हलपर म्हणजे ते औषध, ज्यात रील बुडवली की आतलं चित्र वर येतं. बापाला एक पुरत होतं. ह्याला जगातले सारे पाहिजे. एकानं म्हणे दाणा बारीक राहतो, एकानं रेघ धारदार येते, एकानं सावल्या मऊ पडतात. मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या फिल्मवाल्यांचा ग्रुप होता, तिथं ह्यानं विचारलं. भांडखोर माणसं ती, पण ह्या बाबतीत साऱ्यांचं एकच उत्तर: जुनी रील आहे, उन्हाळ्यात तापलेली आहे, काळवंडणारच, तेव्हा काळवंडणं दाबून धरणारं ते घट्ट पाकासारखं औषध घे, थंड पाण्यात कर, आणि आधी तुकडा कापून पाहा. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ह्याला नाही कळलं. "ते लोक टेक्निशियन आहेत," म्हणाला, "आर्टिस्ट नाहीत."

बाटल्या येत गेल्या. खिडकीत ओळीनं मांडल्या, जणू देव्हारा. मीही म्हटलं, "आवो, शितावरून भाताची परीक्षा करते माणूस. जराशी रील कापा, बुडवून पाहा." तर हा कसा पाहतो माझ्याकडे! "कलेचे तुकडे करत नाहीत." एक मंडई गेली. सासूबाई विचारायच्या, "झाला का रे बाबू?" हा म्हणायचा, "आई, घाई करून चालत नाही." दुसरी मंडई आली तेव्हा त्यांना उजव्या डोळ्यानं फक्त नाकाशी धरलेलं दिसत होतं. तांदळातले खडे त्या बोटांनी शोधायच्या. मी रोज पाहत होते. तो पण त्याच घरात राहत होता.

आणि मग त्याला साक्षात्कार झाला. परदेशात कुणी कॉफीत रील धुतो म्हणे. "कॉफी त्यांची, हिरडा आपला! झाडीपट्टीचा स्वतःचा डेव्हलपर!" हिरड्याच्या तुरटपणात तेच गुण असतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते विचारायचं नाही. बसनं देवरीला गेला आणि जंगलातून हिरडा गोळा करून विकणाऱ्या मंगरूकडून पोतं घेऊन आला. मंगरू घाबरला बिचारा. म्हणाला, "इतका हिरडा कायले जी? घरात साऱ्यायचंच पोट बंद झालं का?" हा किस्सा ह्यानंच मला सांगितला, मंगरूचं अज्ञान म्हणून. मी मंगरूच्या बाजूनं हसले.

"नव्या रिळावर तं करून पाहा," मी म्हटलं. नाही! पहिला मान बापाच्या रिळाला. त्याशिवाय बातमी कशी होणार? पुढच्या मंडईच्या दिवशी गोंदियाचा एक वार्ताहर बोलावला, अंगणात टेबल मांडलं, चादर घातली. हिरडा उकळून काढलेलं काळपट पाणी, त्यात धुण्याचा सोडा, त्यात संत्र्याच्या चवीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या कुटून. गुरांना पाजायच्या काढ्यासारखा वास सुटला. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्याच मनानं नेसल्या होत्या.

त्यानं बंद डब्यात पाणी ओतलं, डबा हलवला, वार्ताहराकडं पाहून हसला, आणखी हलवला. शेवटी रील बाहेर काढून उजेडात धरली. चहाच्या फडक्यासारखी भुरकी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका चौकटीत विहिरीची कड दिसत होती. लुगड्याचा काठ होता. आणि तोंडाच्या जागी एक डाग.

त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता हा रडतो. रडला असता तर, देवाशपथ, मी सारं माफ केलं असतं. पण तेवढ्यात तो वार्ताहर म्हणाला, "क्या बात है चंद्रकुमारजी, एकदम पुराने ज़माने वाला इफेक्ट!" आणि आमच्या कोंबड्याची मान परत वर झाली. दुपारी त्यानं मोठ्या कागदावर फोटो छापून आणला आणि आईच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, इकडून फिरवला, तिकडून फिरवला.

"बाबू, मी कुठी आहो याच्यात?"

"आई, हे काळाचं धूसरपण आहे. तू त्याच्यात विरघळून राहिली आहेस."

सासूबाईंनी फोटो त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "तुझ्या बापानं गिऱ्हाइकाले असा फोटो देल्ला असता, तं गिऱ्हाइकानं पायातली काढली असती." आणि लुगडं बदलायला आत गेल्या. नवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे बाई, दिसते मले इतकं."

तो डाग नागपूरच्या प्रदर्शनात लागला. खाली नाव, 'विरघळलेली आई'. शहाण्यासुरत्या लोकांनी त्याच्यापुढं उभं राहून माना हलवल्या, ह्याला शाल-नारळ दिला. नारळ मी फोडला, चटणी केली. शाल त्यानं दारामागं टांगून ठेवली, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. पुढच्या पावसाळ्यात सासूबाईंचा उजवा डोळाही विझला. आता त्या भिंतीला हात लावत चालतात.

परवा हा कॅमेऱ्याची तिपाई घेऊन अंगणात आला. नव्या प्रदर्शनाला आईचा फोटो पाहिजे, त्याच विहिरीपाशी. कोणत्या डेव्हलपरमध्ये धुवायचा ते अजून ठरायचं आहे म्हणे. मी म्हटलं, "आवो, लाज वाटू द्या जराशी." सासूबाई म्हणाल्या, "असू दे बाई, ने मले." मी त्यांना धरून नेलं. त्यांनी विहिरीची कड चाचपली, पदर नीट केला, आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून बसल्या.

"आई, तोंड इकडं कर."

"काऊन? तोंड तं देल्लं होतं तुझ्यापाशी. तुनं हरवलं. आता पाठीचा काढ."

आणि ह्या माणसानं खरंच तो काढला.