तिसऱ्या चित्रातला पहारेकरी

युद्ध संपतं, सेनापती विसरले जातात, पण चित्र साक्ष द्यायला उरतं. हे वाक्य मी शारजातल्या आमच्या मराठी मंडळात, खांद्यावर शाल आणि हातात नारळ असताना म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. चित्रं मात्र इंटरनेटवरून उतरवून साध्या प्रिंटरवर छापलेली होती. माझ्या हॉलमधल्या उन्हात ती वर्षभरात निळी पडली.

व्याख्यान एका रशियन युद्धचित्रकारावर होतं. अध्यक्षांनी त्याची ओळख 'रणभूमीवरील शौर्याचा उपासक' अशी करून दिली. हा उपासक नौदलाच्या शाळेतून उत्तम मार्कांनी बाहेर पडला आणि नौदल सोडून चित्रं काढायला गेला. सैन्याबरोबर मध्य आशियात फिरला, लढलासुद्धा, आणि परत येऊन कवट्यांचा ढीग रंगवला. सेनापतींना तो आवडला नाही. त्यांची बोलणी ऐकून याने स्वतःचीच काही चित्रं जाळून टाकली.

चित्रांना फ्रेम करायला मी शारजातल्याच रोल्ला भागातल्या माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. मी त्यांना भाई म्हणतो. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मक्केची चित्रं, लग्नाचे फोटो आणि शेख मंडळींच्या तसबिरी यांच्या मध्ये त्यांनी माझे तीन कागद टेबलावर मांडले. पहिल्यात बर्फात उभा पहारेकरी. दुसऱ्यात बर्फ गुडघ्यांच्या वर. तिसऱ्यात नुसता उंचवटा आणि संगिनीचं टोक.

"मास्तर, ह्या रशियावाल्याकडे रंग संपले होते काय? सगळं पांढरंच."

"थंडीत गोठलेला शिपाई आहे, भाई."

"तिसऱ्यात कुठंय तो?"

"खाली. आणि वर अहवाल गेला, की घाटात सगळं शांत आहे."

भाई हसले. "आमच्या धाकट्यासारखंच. त्याला कधीही फोन करा, सगळं ओके."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. रास अल खैमाहून निघून समुद्रात नांगरलेल्या जहाजांना पाणी नि भाजी पोचवणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. मग मी भाईंना सांगितलं, की या चित्रकाराचाही एक भाऊ लढाईत मेला. हा नंतर त्या मैदानावर त्याला शोधत फिरला. हाडं पुष्कळ होती, पण भाऊ कुठला ते ओळखू येईना. चित्र काढायला बसला, तर रडू आवरेना, कागद दिसेना.

"मिळाला नाही?"

"नाही."

फ्रेमचे पैसे घेताना भाईंनी एका फ्रेमचे कमी घेतले. तिसऱ्या चित्रात काही नाहीच, म्हणाले.

व्याख्यानानंतर काही महिन्यांनी ती बोट परत आली नाही. एक स्फोट झाला होता. कशाचा, ते कोणी सांगितलं नाही. बातमीत 'घटना' असा शब्द होता. दोन माणसं पाण्यातून काढली, तीन मिळाली नाहीत. धाकटा त्या तिघांत होता.

आठवड्याभरात कंपनीने कळवलं, की कामगार ड्युटीवर हजर नसल्यामुळे त्याची नोंद 'ॲब्स्काँडिंग' अशी केली आहे. इथे पगाराला कंटाळून पळालेल्या माणसाला हा शब्द लावतात. गावात तो शब्द पोचला तेव्हा त्याचं भाषांतर झालं होतं: फरार. कोणी म्हणे सोनं घेऊन गेला, कोणी म्हणे दुसरं लग्न केलं. धाकट्याच्या बायकोने विहिरीवर जाणं सोडलं.

गावच्या मशिदीत गायबाना नमाज पढायची, म्हणजे मय्यत समोर नसताना पढतात ती, असं घरच्यांनी ठरवलं होतं. भाईंनी थांबवलं.

"पळालेल्याची कसली नमाज? आधी तो शब्द काढा, मास्तर. मग मी त्याला मेला म्हणेन."

म्हणून आम्ही अबू धाबीजवळ मुसफ्फाला कंपनीच्या ऑफिसात गेलो. एचआरमध्ये चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. आडनाव मराठी. मी मराठीत सुरुवात केली.

"अंकल, आय अंडरस्टँड मराठी," ती म्हणाली आणि इंग्रजीतच पुढे गेली. सिस्टीममध्ये ऑप्शन चारच. ऑन ड्युटी, ऑन लीव्ह, ॲब्स्काँडिंग, डिसीस्ड.

"मग डिसीस्ड करा ना, बेटा," भाई म्हणाले.

"डेथ सर्टिफिकेट अपलोड करावं लागतं, अंकल." एवढं ती मराठीत बोलली.

"ते बॉडीशिवाय देत नाहीत, बेटा."

तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. चौकोनी फोटोत धाकटा टाय लावून बसला होता. तो टाय फोटोवाल्याचा होता, भाई म्हणाले. मुलीने डोळे पुसले आणि अर्ज लिहून द्यायला सांगितलं. तिची चूक नव्हती. त्या चित्रकाराच्या सेनापतीलाही अहवालात बहुधा एवढीच जागा असणार.

अर्ज मी लिहिले. सहा लिहिले. प्रत्येकात 'कर्तव्यावर असताना' हे शब्द घातले, आणि आयुष्यभर अशा शब्दांची टिंगल केल्याबद्दल मनात कानकोंडा झालो. भाई दर वेळी विचारत, "जड इंग्रजी टाकलंय ना?" मी टाकलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या रशियावाल्याचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, की म्हातारपणी तो पुन्हा लढाई बघायला गेला. युद्धनौकेवर होता. सुरुंग लागला, नौका बुडाली.

"बॉडी?"

"नाही."

"पण बुडाला असं लिहिलं ना लोकांनी?"

"लिहिलं."

"मग बरंय त्याचं."

उत्तर एका गुरुवारी आलं. त्यातलं 'कॅन्सल्ड' एवढं भाईंना स्वतःच वाचता आलं. भाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं, हातातला कटर खाली ठेवला, डोक्यावर टोपी घातली. दुसऱ्या दिवशी जुम्म्यानंतर नमाज पढा, असं गावी फोन करून सांगितलं. मग मला म्हणाले, "वाचा. हळू वाचा."

मी वाचलं. आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून 'ॲब्स्काँडिंग' ही नोंद रद्द करण्यात आली आहे.

भाईंनी डोळे मिटले. ओठ हलले.

"पुढे काही आहे?"

होतं. कर्मचाऱ्याने सात दिवसांच्या आत मूळ पासपोर्ट घेऊन कामावर हजर व्हावे.