अब्बांचं अरबस्तान

आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतांनी दाभोळच्या खाडीत आले, असं अब्बा सांगतात. पुरावा काही नाही. घरात अरबी फक्त नमाजापुरती. भांडणं, लाड, रुसवे सगळं मराठीत. तरी नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला जपानला पाठवलं, तेव्हा अब्बांनी फोनवर पहिलं विचारलं, "तिथं अरब आहेत काय गो?"

अरब भेटायला बराच काळ गेला. तोवर टोकियोजवळच्या उरायासुतल्या मराठी कार्यक्रमात, "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे ऐकून झालं. योकोहामाजवळच्या मशिदीत बायका उर्दूत बोलायच्या, माझ्या मोडक्या उर्दूला हसायच्या. शेजारच्या जपानी बाईंना मी नुसती भारतीय. घरी आल्यावर मी उगाचच आईला फोन लावायची आणि आज कालवण कशाचं केलंस, एवढंच विचारायची.

एका ईदला मी मशिदीत तांदळाची गोड सांदणं करून नेली. नमाजानंतर एका वयस्क बाईंनी एक खाल्लं आणि जपानीत विचारलं, "हे कुठलं?" त्या येमेनच्या, हद्रमौतच्या किनाऱ्यावरच्या. जपानात संसार करून म्हाताऱ्या झालेल्या.

"आमचे लोक तिथूनच आले!" मी शिकलेल्या जपानीत बोलून गेले.

त्या आनंदानं भराभर अरबीत बोलायला लागल्या. मला एक शब्द कळेना. डोळे भरून आले. अब्बांचा तो प्रश्न आठवला, म्हणून मी तिथूनच अब्बांना व्हिडिओ कॉल लावला.

अब्बांनी घाईघाईनं टोपी चढवली. सलामाला दुभाष्या लागला नाही. पुढचं मात्र त्या जपानीत सांगायच्या आणि मी मराठीत.

"त्यांना विचार," अब्बा म्हणाले, "तिथल्या लोकांना आमची आठवण आहे काय?"

इतक्या पिढ्यांनंतर कुणाला आठवण असणार? मला संकोच वाटला, पण विचारलं.

 त्या म्हणाल्या, "आमच्या गावात अजून त्यांच्यासाठी दुआ मागतात. नावं कुणाला ठाऊक नाहीत. 'समुद्रावर गेलेले', एवढंच म्हणतात." मग म्हणाल्या, "आता त्यात मीही आले. लढाई सुरू झाल्यापासून घरी जाता आलं नाही. आई गेली, तेव्हाही नाही."

हे मी अब्बांना मराठीत सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

"त्यांना म्हणावं, माहेरपणाला इकडे या. खाडीकाठी घर आहे."

माहेराला जपानीत 'जिक्का' म्हणतात, हे मला शेजारणीकडून ठाऊक होतं. तो शब्द ऐकताच बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं रडल्या.

त्या अजून कोकणात गेलेल्या नाहीत. अब्बा दर जुम्म्याला विचारतात, "कधी येतायत त्या?"

"पुढच्या सुट्टीत," मी म्हणते. माझं स्वतःचं जाणंही लांबतच चाललंय, त्याबद्दल अब्बा विचारत नाहीत.