रेग्लाचा धडा

नर्स एर्मेलिंदा ओव्हेलारने एका माणसावर एकतीस वर्षं डूख धरला होता. धरू नये तर काय करावं?

पॅराग्वे देशात भूमितीच्या पट्टीला म्हणतात रेग्ला, आणि बायकांच्या पाळीलाही रेग्लाच. एर्मेलिंदा अकरा वर्षांची असताना एकदा शाळेच्या पांढऱ्या झग्यावर डाग पडला. काय झालंय तेच पोरीला कळेना. आईने कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि पुस्तकातला तो धडा सिन्फोरियानो मास्तरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. त्या दिवशी भूमितीच्या तासाला मास्तर म्हणाले, "रेग्ला कोणी कोणी आणलीये?" मग तिच्या झग्याकडे बघून, "एर्मेलिंदाने तर न सांगताच आणली."

सगळा वर्ग हसला. मेल्याच्या जिभेला हाड म्हणून नाही. पोरीने वर्षभर शाळेचं तोंड बघितलं नाही. आई एवढंच म्हणाली, "डोकं धुऊ नकोस, लिंबू खाऊ नकोस, बापाला सांगू नकोस."

आता एर्मेलिंदा गावच्या दवाखान्यात नर्स आणि मास्तर मुख्याध्यापक. सहावीला या विषयावर एक तास घेऊ द्या, असा अर्ज तिने चारदा केला. 'पालकांना आवडणार नाही' म्हणत मास्तरांनी तो चारदा परत पाठवला. मग तिने पोरांच्या आयांनाच गाठलं. प्रत्येकीला एकच विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं?" अर्जावर झरझर सह्या झाल्या. मास्तरांचा नाइलाज झाला.

"पण वर्गात मी बसणार," ते म्हणाले. "तुम्ही काय बोलता ते कळायला हवं."

"बसा ना, मास्तर. तुम्ही तर हवेच आहात."

तासाला तिने पुस्तक सरळ मास्तरांच्या हातात ठेवलं. "तुमचा आवाज खणखणीत. तुम्हीच वाचा."

नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तरांनी तेरेरेचा, तिकडच्या गार काढ्याचा, घोट घेतला आणि सुरुवात केली. "गर्भा... गर्भाशयाच्या..."

"मोठ्याने, मास्तर. मागे ऐकू येत नाही."

मास्तरांचे कान लाल झाले. पोरंपोरी खिदळायला लागली.

"आता परत वाचा. पाळी म्हणजे काय?"

म्हातारा घामाने निथळला, अडखळला, ओळ चुकला. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. एर्मेलिंदाने थांबवलं नाही. उलट स्वतःही हसली, पोटभर. एकतीस वर्षांनी तिच्या जिवाला गार वाटलं.

मागच्या बाकावरची सुनिल्दा तेवढी हसत नव्हती. काहीतरी विचारायला तिने हात अर्धा वर केला होता. तिने हसणाऱ्या वर्गाकडे बघितलं, मग हसणाऱ्या नर्सकडे, आणि हात खाली घेतला.

एर्मेलिंदाने मास्तरांच्या हातून पुस्तक काढून घेतलं आणि ती मागच्या बाकापाशी गेली.

"काय विचारायचं होतं, बाळा?"

"काही नाही," सुनिल्दा वहीत बघत म्हणाली. "काहीच नाही."