रविवारचं गवत

अप्पांचे गुडघे गेले होते. खाली बसून गवत कापणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी विळाच उंच करून घेतला. तिरुवैयारुच्या लोहाराला त्यांनी बसच्या तिकिटामागे चित्र काढून दिलं: नेहमीच्या विळ्याच्या दुप्पट लांब पातं, ते खांद्याइतक्या उंच बांबूला दोन लोखंडी कड्यांनी आवळलेलं, आणि बांबूच्या मध्यावर धरायला एक आडवी मूठ. लोहार हसला. गवत बसून कापायचं असतं, असं त्याने मोठ्या माणसाशी बोलावं तसं जपून सांगितलं. अप्पा म्हणाले, बसता येत असतं तर तुझ्याकडे आलो कशाला असतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी सरकारी नोकरीत दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्तीच्या सुमारास आईच्या हट्टापायी स्वतःसाठी एक तुकडा घेतला, तंजावूरहून तिरुवैयारुला जाणाऱ्या रस्त्यालगत. तिथे घर बांधायचं होतं. ते राहून गेलं, आणि मग आईच गेली. अप्पा माझ्या घरी राहायला आले आणि आल्यापासून बोलेनासेच झाले. हाक मारली की जेवायला येत, आणि वाढताना 'पुरे' म्हणत, तेवढाच शब्द. असे आठ महिने गेले. मग एका संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले की त्या जागेवर रान माजलं असेल, कापायला हवं. त्यांना काहीतरी हवं आहे याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हटलं. दर रविवारी पहाटे पाचला उठावं लागणार हे नंतर कळलं.

पाचच का, तर दंवासाठी. ओलं गवत पात्यापुढे ताठ उभं राहतं, वाळलं की वाकून निसटतं. शनिवारी संध्याकाळी अप्पा मागच्या अंगणात पात्याला धार लावत बसायचे. रविवारी स्कूटरवर मागे बसून बांबू उभा धरायचे, वर पातं गोणपाटात गुंडाळलेलं. आमची ही वरात पाहून बायपासवरचा पोलीस पहिल्यांदा शिट्टी फुंकायला सरसावला, नंतर सवयीने हात करू लागला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आठवड्याचे सहा दिवस पोरं डोकं खातात, सातवा हा असा. मी करंजाच्या झाडाखाली उत्तरपत्रिका घेऊन बसायची आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायची: अप्पा, टोपी घाला. अप्पा, पाणी प्या. अप्पा, बास झालं आता.

ते बास करत नसत. दोन्ही पाय फाकवून उभे राहत आणि कमरेतून वळत पातं उजवीकडून डावीकडे जमिनीलगत सरकवत. एक अर्धगोल, मग अर्धं पाऊल पुढे. कापलेलं गवत डाव्या हाताला ओळीत पडत जाई. रुईचा जाड बुंधा लागला की थांबून पात्यावरून अंगठा फिरवत, धार मोडली का पाहत. कोपऱ्यातल्या वेड्या बाभळीच्या वाटेला ते गेले नाहीत. तिच्यासाठी कोयता हवा, आणि वय हवं, असं म्हणाले.

आणि तिथे ते बोलत. आठवडाभराचं सगळं तिथेच. आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावूरचे मराठी; मला गवतांची तमिळ नावंच ठाऊक होती, ते त्यांच्या आजीकडून आलेली मराठी नावं सांगत, लव्हाळा, आघाडा, टाकळा, आणि पुढच्या रविवारी परीक्षा घेत. मी हटकून नापास व्हायची. घरात ज्या आईचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं, ती इथे प्रत्येक कापलेल्या पट्ट्यावर असायची. इथे चूल पूर्वेला हवी म्हणाली होती. इथे दोरीवर लुगडी वाळतील म्हणाली होती. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा असायचा.

काम मुंगीच्या पावलाने चाललं होतं. मी हिशेबी बाई. एकदा त्यांना सुनावलंच की तुम्ही मागच्या कुंपणाला पोचेपर्यंत फाटकापाशी पुन्हा गुडघाभर वाढलेलं असणार.

"हो की," अप्पा म्हणाले. "मग पुन्हा फाटकापासून."

मला वाटलं, म्हातारपणी माणूस हेकट होतो.

पोंगल झाल्यावर नवऱ्याने घराचा नकाशा काढून घेतला. आखणीसाठी इंजिनिअरला जागा मोकळी हवी होती. अप्पांचा पंच्याहत्तरावा वाढदिवसही जवळ आला होता, तेव्हा म्हटलं एका दगडात दोन पक्षी. एका गुरुवारी दोन तासांची रजा घेऊन मी तिथे गेले. पिवळं यंत्र आलं आणि मी फोनवर बोलत होते तेवढ्यात सगळं संपलं. बाभूळसुद्धा मुळासकट उपटून त्याने कडेला लोटली. मला फार कर्तबगार असल्यासारखं वाटलं.

अप्पांना मी काही सांगितलं नाही. रविवारी नेहमीसारखी त्यांना घेऊन गेले. ते उतरले, पात्यावरचं गोणपाट सोडलं, नीट घडी करून काखेत धरलं आणि मग समोर पाहिलं. नुसती लाल माती होती, तिच्यावर यंत्राच्या चाकांचे पट्टे. ते फाटकातून आत गेले नाहीत.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता मज काय काम?"

मी हसले. म्हटलं, आता आराम करा, अप्पा. आयुष्यभर उन्हातान्हात हिंडलात, आता तरी बसा.

"सरी मा," बरं बाई, असं तमिळमध्ये म्हणाले आणि गोणपाट पुन्हा स्वतःच गुंडाळलं. येताना वाटेत आम्ही नेहमी एका टपरीवर काफी घ्यायचो. मी स्कूटर थांबवली, तर ते उतरेनात. "काम काही केलं नाही, काफी कशाला?" असं म्हणाले. मी ते गमतीवारी घेतलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही, हसत.

बांधकाम सुरू झालं. मी त्यांना देखरेखीला चला म्हटलं. एकदा आले, खुर्चीवर बसले, गवंड्याने त्यांना सावलीत सरकायला सांगितलं, तेव्हा सरकले. पुन्हा आले नाहीत. गवताचं, आईचं, कशाचंच बोलणं उरलं नाही. पुन्हा 'पुरे'वर आले. जोत्याचं काम चालू असताना एका दुपारी झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, नातेवाईक म्हणाले सुखाचं मरण. मी त्यांना मारलं असं मी म्हणत नाही, नवरा म्हणू देत नाही. पण आखणीला आठवडाभर उशीर चालला असता, सहा महिने चालला असता, हे मला त्या गुरुवारीही ठाऊक होतं. इंजिनिअर आणि वाढदिवस ही सगळी कारणं मी मागाहून गोळा केली. खरं कारण एकच होतं. मला माझा रविवार परत हवा होता.

तो मला मिळाला. अप्पांना ती मोकळी जागा दाखवली, त्याच्या पुढच्याच रविवारी मी आठपर्यंत झोपले. किती महिन्यांनी अशी झोपले होते. उठले तेव्हा अप्पा खोलीत पेपर वाचत होते.

तेरावा झाल्यावर नवऱ्याने सांगितलं. त्या रविवारी तो पाचला पाणी प्यायला उठला, तर अप्पा आंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसलेले. मामा, कुठे निघालात, असं याने विचारलं. कुठे नाही म्हणाले. तिला उठवू का म्हटलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"उठवू नका तिला. आठवडाभर राबते."

पुढचे दोन रविवारही ते असेच येऊन बसले होते. उजाडलं की टोपी काढून आत जायचे. चौथ्या रविवारी आले नाहीत. मी तेव्हाही झोपलेलीच होते.