शेजारच्या सीटवरचा होकार

…आणि बोनेटवर हात ठेवला, तर बोनेट गरम! दोन हिवाळे ही गाडी आवाराबाहेर गेलेली नाही, असं गाडी विकायला काढलेली विधवा योर्डिस फोनवर म्हणाली होती. मार्च संपत आलेला, आवारात गुडघ्याएवढा बर्फ, नाकातला श्वास नाकातच गोठतोय, आणि हिचं बोनेट आपलं चुलीशेजारच्या दगडासारखं उबदार. हाल्वारनं हात काढला, पुन्हा ठेवला.

"सकाळी चालवलीस काय गं?"

"छे रे. वायर लावलेली असते." योर्डिसनं भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीतून निघालेली वायर गाडीच्या नाकात शिरली होती.

आता इंजिन गरम ठेवायची वायर उत्तरेच्या त्या गोठवणाऱ्या मुलखात घरटी असते. पण ती लावायची सकाळी कुठं निघायचं असेल तर. कुठंच न जाणाऱ्या गाडीला रोज पहाटे ऊब द्यायची, हे हाल्वारनं आजवर ऐकलं नव्हतं.

"कशाला पण?"

"सवय." योर्डिस एवढंच म्हणाली आणि तिनं खिडकीतून आत बघितलं. चालकाच्या सीटकडं नाही, शेजारच्या.

हाल्वार सगळा जन्म रस्त्यावरचा बर्फ सारायच्या गाडीवर काढलेला माणूस. एकट्यानं, कॅबिनमध्ये. त्यामुळं त्याला बोलायची खोड लागलेली. इंजिनाशी बोले, चुलीशी बोले, गळाला लागलेल्या माशाची माफी मागे. त्याची बायको गुनवोर त्याच्या अगदी उलट. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचा कालवा ऐकून ऐकून तिचे शब्द जणू आटून गेलेले. तिला एखादी गोष्ट पटली की ती 'हो' म्हणायची नाही. ओठांचा चंबू करून श्वास सर्रकन आत ओढायची, झालं. तिकडं उत्तरेत तोच होकार. चार माणसं जेवायला बसली आणि एकानं हवापाण्याचं काढलं, की टेबलाभोवती नुसते असे श्वास ऐकू येतात. हाल्वार बोलायचा आणि गुनवोर श्वास घ्यायची, असा त्यांचा संसार झकास चालला होता.

दर वर्षी बर्फ सरायच्या आधी दोघं आपला लहानसा कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागं ओढत लोमशॉन तळ्यावर जायची. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचे, कॅरव्हॅनच्या दारात उन्हाला बसायचं, कॉफी प्यायची. हाल्वार वर्षभर जगायचा तो त्या दिवसांसाठी. पण गेल्या साली तळ्याआधीच्या लांब चढावर त्यांची जुनी गाडी अडली. पुढची दोन चाकं नुसतीच गरगरली आणि मागच्या कॅरव्हॅननं गाडीला उलटं खाली ओढायला सुरुवात केली. हळूहळू, सावकाश, जसं कुणी दावं धरून ओढतंय. कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतली म्हणून वाचली. गुनवोर खाली उतरली, तिनं दरीकडं बघितलं, आणि तिच्या मानानं मोठंच भाषण केलं.

"चारी चाकं ओढणारी गाडी आणलीस तर येईन. नाहीतर तू जा आणि माशांशी बोलत बस."

एकट्यानं जायचं म्हणजे जाण्यात काय उरलं? म्हणून हाल्वार त्या सकाळी योर्डिसच्या आवारात पाठीवर झोपून गाडीखाली शिरला होता.

गाडी सेडान. बाकीच्या सगळ्यांना मागं लांबलचक मोकळी असलेली गाडी हवी असते, सेडानला तिकडं कोण विचारत नाही, म्हणून ती परवडण्यातली. शिवाय गुनवोरची अट होतीच. "मासे डिकीत, मी पुढं, आणि मधे पत्रा पाहिजे. वासानं माझी लोकर खराब होते."

हाल्वारनं आधी मागचा ओढायचा हूक बघितला. गोळा घासून चकचकीत झालेला, म्हणजे गाडीनं ओझं ओढलेलं. पण हूक जिथं बसवलाय तिथला पत्रा शाबूत, गंज नाही. मग चारी टायर हातानं चाचपले. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीचे टायर एकसारखे झिजलेले पाहिजेत, नाहीतर चाकं आपसात भांडतात आणि आतले दाते जातात. हे सारखे होते. मागच्या गिअरपेटीशी नाक नेऊन त्यानं तेलाचा वास घेतला. करपट नाही.

"गाडी बघतोयस की गाय?" योर्डिस म्हणाली. "शेपटी पण उचलून बघ."

"गाय असती तर दात आधी बघितले असते." हाल्वार बाहेर आला. "तुझा नवरा नीट ठेवायचा हं गाडी."

"टूरे? टूरेला कुठं चालवता येत होती! त्याची नजर लहानपणापासून अधू. मी चालवायची, तो शेजारी बसायचा."

तेव्हा हाल्वारच्या ध्यानात आलं. चालकाची सीट जवळपास नव्यासारखी, कारण योर्डिस चिमणीएवढी बाई. शेजारच्या सीटला मात्र खोलगट खड्डा पडलेला, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.

गाडी चालवून बघायला योर्डिसचा लाकडं भरलेला ट्रेलर मागं जोडून हाल्वार एकटाच जंगलातल्या रस्त्याला लागला. ऊन लख्ख पडलेलं, बर्फावर डोळे ठरत नव्हते. वळणावर त्यानं गाडी मुद्दाम बर्फात घातली आणि पाय दाबला. चारी चाकांनी जमीन धरली. ट्रेलर मुकाट्यानं मागून आला. हाल्वार खूश.

"ओढतेस की गं बये," तो म्हणाला. "लोमशॉनच्या चढाला पण अशीच ओढशील ना?"

आणि शेजारून श्वास आला. सर्रकन, आत ओढलेला.

हाल्वारनं ब्रेक मारला. शेजारी कुणी नाही. सीट, सीटमधला खड्डा, आणि खड्ड्यात उन्हाचा तुकडा. त्यानं हीटर बंद केला, पुन्हा चालू केला. हीटरचा आवाज बाहेर फुंकल्याचा येतो, आत ओढल्याचा नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं मनाशी ठरवून टाकलं की हीटरच असणार. गाडी त्याला पाहिजे होती. गुनवोरला तळ्यावर न्यायचं होतं. चांगल्या गाडीत एक वाकडा आवाज निघाला, एवढंच.

आवारात परत आल्यावर योर्डिसनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तू बोलतोस वाटतं गाडी चालवताना?"

"अगं सारखा. गुनवोर म्हणते, तुला पुरलं तरी तू शवपेटीशी बोलशील."

योर्डिस हसली नाही. हाल्वारनं परत दिलेली किल्ली तिनं हातात तशीच धरून ठेवली. "गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "फक्त तिला काही विचारत बसू नकोस."

हाल्वारला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं बाई हळवी झाली. त्यानं किल्ली घेतली.

पुढच्याच आठवड्यात दोघं निघाली. गाडीच्या दोन्ही कानांना लांब आरसे अडकवलेले, म्हणजे मागच्या कॅरव्हॅनच्या पलीकडचा रस्ता दिसतो. गुनवोर शेजारी बसली, खड्ड्यात पार बुडाली. "ही सीट कुणाची तरी आहे," ती म्हणाली, आणि तिनं खाली उशी घेतली. वाटेत हाल्वार मनसोक्त बोलला. रस्ता चांगला साफ केलाय, नाही? सर्रकन श्वास. पोरीला फोन करायचा राहिला, तिथून करू. सर्रकन श्वास. एकदा मात्र एका प्रश्नाला दोन श्वास आले, एकामागून एक. हाल्वारनं तेव्हा एल्क हरणं आडवी येतात म्हणून कडेच्या झाडांवर नजर ठेवलेली. गुनवोरनं हात कोटाच्या बाहीत ओढून घेतले आणि म्हणाली, "गार वाटतंय इथं." हीटर पुरता चालू होता.

तळ्यापाशी रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडची वाट सरळ बर्फावर उतरते आणि तळं कापून पलीकडं जाते. भर हिवाळ्यात सगळे तिथूनच जातात. उजवीकडं तो लांब चढ. बर्फावरची वाट आखायला रोवलेल्या फरच्या झाडाच्या फांद्या अजून दिसत होत्या, पण थोड्याच, आणि वाकलेल्या. हाल्वारनं फाट्यावर गाडी उभी केली. गुनवोर मागची जोडणी बघायला म्हणून उतरली. हाल्वारही उतरला, काठापर्यंत गेला, बर्फावर टाच आपटून बघितली. टणक वाटला. चढ टळला तर गुनवोरला गेल्या सालची आठवणच होणार नाही, असं त्याच्या मनात आलं. तो परत येऊन बसला. पट्टा त्यानं लावला नाही आणि दार नुसतं लोटून घेतलं. बर्फावर जायचं तर असंच बसायचं, गाडी बुडाली तर बाहेर पडता यावं. नजर तळ्यावरच ठेवून त्यानं विचारलं,

"बर्फावरूनच जाऊया ना, म्हातारे? चढ नको."

शेजारून श्वास आला. सर्रकन.

हाल्वारनं गाडी खाली उतरवली.

पहिल्या दोन फांद्या मागं पडल्या. बर्फाचा रंग पांढऱ्याचा राखाडी झाला आणि चाकाखाली पाणी चुबुक चुबुक वाजायला लागलं. "पाणी आलंय गं वर," असं म्हणत हाल्वारनं कॅरव्हॅन बघायला लांब आरशात बघितलं. आरशात कॅरव्हॅनच्या पलीकडं काठ होता, आणि काठावर लाल टोपी घातलेली एक बाई दोन्ही हात वर करून उभी होती. लहान लहान होत चाललेली. तिचं तोंड उघडं होतं.

लाल टोपी गुनवोरची.

हाल्वारनं शेजारी बघितलं नाही. त्याला बघवेना. शेजारून गार लागत होतं, पाणोठ्याला उभं राहिल्यावर लागतं तसं, आणि तिकडून परत एकदा श्वास आला.

अशा बर्फावर थांबायचं नसतं. थांबला की सगळं वजन एका जागी. उलटं नेणं कॅरव्हॅनसह जमायचं नाही. हाल्वारनं चाक हळूहळू वळवलं, मोठा गोल घेतला. खाली बर्फ कण्हला, लांब कुठंतरी तळ्याच्या पोटातून तो आवाज आला आणि दुसऱ्या काठापर्यंत गेला. कॅरव्हॅनचं एक चाक खचलं. गाडी मागं ओढली गेली, सावकाश, गेल्या सालासारखीच. त्या गाडीत बसल्यापासून हाल्वार पहिल्यांदाच गप्प होता. मग चारी चाकांनी काहीतरी धरलं, कॅरव्हॅन धाडकन वर आला, आणि सगळी वरात काठावर चढली.

गुनवोर धावत आली. पांढरी फटक पडली होती.

"मला टाकून कुठं निघालास रे?"

"तू… मी तुला विचारलं. तू हो म्हणालीस."

"मी मागं होते! जोडणीची साखळी लावत होते!"

हाल्वारनं शेजारच्या सीटकडं आत्ता बघितलं. गुनवोरची उशी खड्ड्यात दबली होती. बघता बघता ती फुगली, हळूच, वरचं ओझं उठल्यावर फुगते तशी.

गुनवोरनंही ते बघितलं. ती पाठीमागं बसली, आणि त्यांनी चढाचा रस्ता धरला. गाडीनं चढ असा काही ओढला की गेल्या सालच्या जागेवर चाक घसरलंसुद्धा नाही. वर पोचल्यावर हाल्वारच्या कॉफीत, तिकडच्या रीतीप्रमाणं, चीजचे तुकडे गुनवोरनंच घालून दिले. मग त्यानं योर्डिसला फोन लावला आणि गुनवोरला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बर्फावर नेलीस?" योर्डिस म्हणाली. "मलाही नेणार होता. दोन सालांमागं एप्रिलमध्ये, टूरेला पुरल्यावर. मी विचारलं, आणि तो हो म्हणाला. काठावर जाऊन मी परत फिरले."

"म्हणजे त्याला मारायचं होतं तुला?"

"टूरेला? अरे, त्यानं कधी डास मारला नाही. त्याला दिसायचंच नाही काही, तर रस्त्यातलं त्याला काय कळणार! मी विचारायची, तो हो म्हणायचा. संसारभर. मला बरं वाटावं म्हणून. अजून तेच करतो. मी आधीच सांगायला हवं होतं. पण गाडी विकताना असं सांगतं का कुणी? आणून दे वाटल्यास. मी परत वायर लावते."

फोन ठेवल्यावर दोघं कॅरव्हॅनच्या दारात बसली. समोर तळं, उन्हात चकाकणारं, आणि त्यावर त्यांच्याच चाकांचा तो गोल, पाण्यानं भरत चाललेला. गाडी शेजारी उभी होती. आवाज नाही, हालचाल नाही.

"परत द्यायची म्हणालास तर मी चढ पायी उतरेन, माझी तक्रार नाही," गुनवोर म्हणाली. "पण मग इथं हे शेवटचं येणं, दुसरी अशी गाडी आपल्याला मिळायची नाही. आणि ठेवायची म्हणालास, तर मला सांग, म्हाताऱ्या, मी तुझ्या शेजारी बसायचं ते कशाच्या भरवशावर?"

हाल्वारनं कप खाली ठेवला. तो तळ्याकडं बघत नव्हता, गाडीकडं बघत नव्हता, बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

"गाडी ठेवू या, गुनवोर. तो बिचारा विचारलं म्हणून उत्तर देतो, चूक माझी आहे, मी सगळा जन्म तुला विचारत आलो आणि बघत राहिलो रस्त्याकडं. यापुढं काही विचारायचं झालं तर गाडी उभी करीन, तुझ्याकडं तोंड वळवीन आणि मग विचारीन. पण तूही श्वासावर भागवायचं नाहीस, शब्द वापरायचेस. आत्ताच ऊठ, शेजारच्या सीटचं दार उघड, आणि एकदा खणखणीत 'नाही' म्हणून दाखव, मलाही ऐकू दे आणि त्यालाही."